मला न लागलेला पंचविसावा आठवडा

मी बोर्ड बोलतोय. लोकरंजन टॉकीजच्या दर्शनी भिंतीवर, मोठ्या पोस्टरच्या खाली, पिक्चरचा आठवडा कितवा एवढंच सांगणारा पत्र्याचा बोर्ड. ऐकायचं तर ऐका. गोड बोलणं मला जमणार नाही, कारण तुम्हा माणसांविषयी माझ्या मनात आता गोड असं काही शिल्लक नाही.

माझा जन्म चौऱ्याहत्तर सालचा, नाशिकचा. रविवार कारंजापासून हाकेच्या अंतरावर आमची टॉकीज होती. तिच्या मागच्या अंगणात मोतीराम पेंटरने सागवानी चौकटीवर पत्रा ठोकला, त्याला काळा रंग दिला आणि उजव्या बाजूला पिवळ्या रंगात 'आठवडा' हा शब्द कायमचा लिहून टाकला. डावी बाजू त्याने आकड्यासाठी मोकळी ठेवली. रंग सुकायच्या आत एक चिमणी माझ्यावर येऊन बसली, तर मोतीरामने तिला अशी शिवी दिली की ती पुन्हा कधी त्या अंगणात दिसली नाही. तो माणूस मला आवडायचा.

दर गुरुवारी दुपारी डोअरकीपर बहिरू मला खाली उतरवायचा. मोतीराम जुना आकडा काळ्या रंगाखाली घालवायचा आणि नवा काढायचा. शुक्रवारी पहिल्या खेळाआधी मी पुन्हा भिंतीवर. असं वर्षानुवर्षं चाललं.

त्या काळी माझा दरारा होता. पंचवटीतून येणारे टांगे माझ्यासमोर हळू व्हायचे. "अकरावा लागला का? मग आता घरच्यांना घेऊन यायला हरकत नाही," असं बाप्ये एकमेकांना सांगायचे. सुरुवातीच्या गर्दीत बायकामुलांना आणायचं नाही, अशी पद्धतच होती. घोटीचे तांदळाचे व्यापारी हंगाम उरकून सोळाव्या-सतराव्या आठवड्यात यायचे आणि पिक्चर त्यांच्यासाठी तोवर थांबलेला असायचा. लोक पोरांचे जन्म माझ्यावरून लक्षात ठेवायचे. कुठल्या पिक्चरच्या कितव्या आठवड्यात थोरली झाली, हे बापाला तारखेपेक्षा चटकन आठवायचं. आपलं डोकं वापरायचा कंटाळा, म्हणून माझं वापरायचे.

पण मला सलत होती एकच गोष्ट. पंचवीस हा आकडा मला कधी लागला नव्हता. पंचविसाव्या आठवड्याला सिल्व्हर ज्युबिली म्हणतात. त्या शुक्रवारी बोर्डाला झेंडूचा हार घालतात, टॉकीजमधला सगळ्यात जुना नोकर त्याच्यासमोर नारळ फोडतो आणि पहिल्या खेळाच्या प्रत्येक प्रेक्षकाला पेढा मिळतो. पलीकडच्या टॉकीजच्या बोर्डाला हे भाग्य तीनदा लाभलं. मी पंच्याहत्तर साली एकोणिसावर थांबलो, अठ्ठ्याहत्तर साली एकविसावर. त्या बोर्डाचा मला मनस्वी हेवा वाटायचा आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

बहिरूलाही तेच हवं होतं. तो सगळ्यात जुना नोकर, म्हणजे नारळ त्याच्या हातचा. गडी मूळचा हरसूलचा. त्याची बायको लंकाबाई तिकडे शेती सांभाळायची आणि हा नाशकात एका खोलीत राहायचा. टॉकीजमध्ये बावीस वर्षं दार धरून उभा, पण बायकोला त्याने एकही पिक्चर दाखवला नव्हता. ती आली की म्हणायचा, "आता नगं. ज्युबिलीला तुला बाल्कनीत बसवतो. म्या नारळ फोडीन, तू बघ." ती बिचारी भाजी विकून पुढच्या एस्टीने परत जायची.

मग चौऱ्याऐंशी साली एक पिक्चर लागला. नाव सांगत नाही, त्याची मला अजून चीड आहे. पहिल्या दिवसापासून बुकिंगच्या खिडकीवर लोकांनी एकमेकांचे सदरे फाडले. बघता बघता मी दहा झालो, बारा झालो, पंधरा झालो. मोतीराम आकड्यांना सावली द्यायला लागला, त्याला इतका हुरूप आला होता.

सोळाव्या आठवड्यात गेणूने घात केला. गेणू म्हणजे आमच्याच दारात तिकिटं ब्लॅक करणारा. बहिरूने त्याला कितीतरी वेळा कॉलर धरून हाकललेलं. त्याने टॉकीजच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली, टीव्ही आणि व्हिडिओ आणला, खिडक्यांना काळे पडदे लावले आणि हाच पिक्चर लावून दिला. कॅसेट कुठून आली ते त्यालाच ठाऊक. चित्रात माणसं हिरवी दिसायची, मधूनच आडव्या रेघा यायच्या, तरी लोक गेले. जो माणूस आमच्याकडे एक पिक्चर पाच-पाच वेळा पाहायचा, तो दोनदा आमच्याकडे आणि तीनदा गेणूकडे पाहू लागला. चार महिन्यांत पिक्चर गल्लीत मिळाला, म्हणून त्याला किती आनंद झाला. मला त्या आनंदाची किळस आली.

तरीही आम्ही तगलो. वीस, एकवीस, बावीस. प्रत्येक आठवडा ओढूनताणून. वितरकाशी करार असा होता की आठवड्याचा गल्ला ठरावीक रकमेच्या खाली गेला की पिक्चर उतरवायचा. त्याचा माणूस दर गुरुवारी संध्याकाळी हिशेब तपासायला यायचा. तेविसाव्याला आम्ही थोडक्यात वाचलो. मोतीरामने चोवीस काढला, तेव्हा मालक सावळीरामशेठ स्वतः अंगणात येऊन उभे राहिले. म्हणाले, "मोतीराम, पुढचा आकडा जरा ठळक काढा. स्टेशनवरून दिसला पाहिजे."

आता ऐका, बहिरूने काय केलं ते. चोविसाव्या आठवड्यात तो आनंदाने खुळा झाला. जो दिसेल त्याला सांगत सुटला. दारात आलेल्या माणसालासुद्धा बाजूला घेऊन म्हणायचा, "आज कशाला जाता? शुक्रवारी या की. ज्युबिली हाय. पेढा मिळंल, हार बघाय मिळंल." मालधक्क्यावरच्या हमालांना सांगितलं, वसतिगृहातल्या पोरांना सांगितलं, चहावाल्याला सांगितलं, त्याने आणखी पन्नास जणांना सांगितलं. सगळ्यांना पटलं. पेढा सोडून आज कोण पैसे टाकणार? सोमवारी बाल्कनी रिकामी. मंगळवारी खालीही निम्म्या खुर्च्या रिकाम्या. बहिरू ते बघून हसायचा. "बघा," म्हणायचा, "समदे शुक्रवारसाठी थांबल्यात."

मी भिंतीवरून पाहत होतो. मला हात असते तर त्याच्या डोक्यात काहीतरी घातलं असतं.

गुरुवारी दुपारी मोतीरामने मला अंगणात घेतलं. आधी चोवीस घालवला. मग खडूने रेघा आखून, जीभ बाहेर काढून, त्याने पंचवीस लिहिला. कडेला चंदेरी रंगाची बारीक रेघ दिली. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि विडी पेटवली. दहा वर्षं मी त्या आकड्याची वाट पाहिली होती. ओल्या रंगाच्या वासाने मी अगदी सुखावून गेलो. हे तेवढं सुख मी तुमच्यापासून लपवत नाही.

पाच वाजता वितरकाचा माणूस आला. वह्या पाहिल्या आणि म्हणाला, "उतरवा. नवीन प्रिंट सकाळच्या गाडीने येतेय."

सावळीरामशेठनी हात जोडले. "साहेब, एकच आठवडा द्या. उद्या हाउसफुल्ल आहे."

"मग या आठवड्यात तुमची पब्लिक कुठं होती?"

बहिरू पुढे झाला. "साहेब, समदे उद्या येणार हायेत. म्याच सांगितलंय, उद्या या म्हणून."

त्या माणसाने वह्या मिटल्या. "आज यायला पाहिजे होते, बाबा," एवढंच म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला.

मोतीरामने बहिरूकडे पाहिलंही नाही. रॉकेलमध्ये चिंधी बुडवली आणि माझ्यावरून फिरवली. रंग सुकला नव्हता, त्यामुळे त्याला फार घासावं लागलं नाही. मग काळा हात मारला आणि त्याच जागी एक लिहिला. पहिला आठवडा. सावली नाही, चंदेरी रेघ नाही.

शुक्रवारी सकाळी लंकाबाई पहिल्या एस्टीने आली. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेली, डोक्याला तेल लावलेलं, हातात नारळ. नारळ तिने घरून आणला होता. बहिरू टॉकीजच्या पायरीवर बसला होता. त्याने तिला काय घडलं ते सांगितलं. ती माझ्याकडे बघत होती. वाचता येत नसलं तरी दोन आकड्यांच्या जागी एकच आकडा आहे हे तिला कळत होतं.

"मंग मला बावीस वरीस थांबाय का लावलं?" तिने विचारलं. "येताजाता दाखवला असता एखांदा."

ती नारळ बहिरूच्या शेजारी पायरीवर ठेवून एस्टी स्टँडकडे चालू लागली. पेढ्यासाठी आलेली माणसं थोडा वेळ दारात रेंगाळली, त्यांनी मालकाला नावं ठेवली आणि त्यातली बरीचशी मागच्या गल्लीत गेणूकडे गेली.

माणूस चुकतो, माफ करावं, असं तुम्ही म्हणाल. मी करत नाही. बहिरूला नाही आणि तुम्हालाही नाही.

त्यानंतर मोठमोठे पिक्चर आले आणि तीन-चार आठवड्यांत गेले. लोक माझ्यासमोर उभे राहत, पण आत येण्यासाठी नाही. माझ्यावर दोन दिसला की बोटं मोजायचे. "दुसरा चालू आहे ना? मग पंधरा दिवसांत कॅसेट येईल. कशाला लाइनीत उभं राहायचं?" आणि सायकलवर टांग मारून निघून जायचे. ज्या आकड्याने मी माणसं आत बोलवायचो, तोच आता त्यांना घरी पाठवत होता. सावळीरामशेठच्या हे लक्षात आलं, त्या दिवशी त्यांनी मला भिंतीवरून काढायला लावलं. आठवडा सांगायचाच नाही, असं ठरलं. गेणूने मला भंगाराच्या भावात उचललं.

आज सत्त्याऐंशी साल आहे. गेणूने गंगापूर रोडला कॅसेटची लायब्ररी काढली आहे, काचेच्या कपाटांची. मी तिच्या दारात टांगलेला आहे. 'आठवडा' हा शब्द त्याने खरवडून काढला आणि तिथे 'दिवस बाकी' असं लिहून घेतलं. नवीन पिक्चरची कॅसेट यायला किती दिवस उरले, ते मी सांगतो. आकडा आता मोतीराम काढत नाही. गेणू स्वतः खडूने लिहितो आणि रोज सकाळी बोटाने पुसून एकाने कमी करतो. नऊ, आठ, सात. पूर्वी मी चढत जायचो, आता रोज उतरतो.

मागच्या रविवारी बहिरू आला होता. निवृत्त झालाय, लंकाबाई आता त्याच्याजवळ नाशकात राहते. दोघं दुकानासमोर थांबली. त्याने मला ओळखलं. चौकटीच्या कोपऱ्यावर हात ठेवला, लगेच काढून घेतला.

"काय लिव्हलंय?" लंकाबाईने विचारलं.

"दोन दिस बाकी," तो म्हणाला.

"मंग दुसरी कंची बी द्या म्हणा," ती म्हणाली. "जी आत्ता हाय ती."

ती आत गेली आणि कपाटातली पहिली हाताला लागली ती कॅसेट घेऊन बाहेर आली. अख्ख्या नाशकात शहाणी अशी एवढीच एक बाई मी पाहिली.

बाकीचे तुम्ही या. रांगेत उभे राहा, माझ्यावरचा आकडा वाचा आणि तेवढे दिवस घरी जाऊन थांबा. थांबण्यात तुमचा हात कोणी धरू शकत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.