जेवल्याबिगर नाय

प्रगती सिस्टरच्या हातून औषध चुकलं असं कुणी सांगितलं असतं, तर कात्रपच्या त्या हॉस्पिटलातल्या मावश्याही तोंडाला पदर लावून हसल्या असत्या. बावीस वर्षांची नोकरी, आणि जीभ अशी तिखट की डॉक्टरही वचकून असत. नव्या पोरींपुढे ती एकेक बोट मोडत जायची. “बरोबर पेशंट, बरोबर औषध, बरोबर डोस, बरोबर वेळ, बरोबर मार्ग. यातलं एक चुकलं तर मला तोंड दाखवू नका!” पोरी पाठीमागे तिची हुबेहूब नक्कल करायच्या, पण चुका मात्र करायच्या नाहीत.

तर अशा बाईच्या वॉर्डात चंद्री आली. बारवी धरणाच्या वरच्या अंगाला ठाकरांचा एक पाडा आहे, तिथली. सतरा वर्षांची पोर, अंगावर मूठभर मांस नाही, हिरड्या आणि तळहातांच्या रेषा काळ्या पडलेल्या, आणि दिवसभर खडेमीठ चोखत बसायची. आधीच्या दोघा डॉक्टरांनी टॉनिकच्या बाटल्या देऊन वाटेला लावलं होतं. डॉक्टर नरेंद्रांनी तपासण्या केल्या तेव्हा कळलं, टीबीने तिच्या मूत्रपिंडांवरच्या दोन छोट्या ग्रंथी खाऊन टाकल्यात. अंगात बळ आणि रक्ताला दाब ठेवणारा रस त्या ग्रंथींतून येतो. तो आता गोळीतून द्यायचा, रोज दोनदा, जन्मभर. गोळी थांबली तर पोर थांबली, इतकं सरळ.

तिच्या बापाचं नाव देऊ. अक्षराशी कधी गाठ पडली नाही, पण ऐकायचा कसा! प्रगतीने पाकिटावर पेनाने उगवता सूर्य काढला, खाली मावळतीचा काढला. सोबत पोट बिघडू नये म्हणून बजावलं, “देऊदादा, ही गोळी उपाशीपोटी द्यायची नाही. आधी जेवण, मग गोळी. काय सांगितलं?”

“आधी जेवान, मग गोळी,” देऊ म्हणाला. “जेवल्याबिगर नाय.”

“परत सांगा.”

त्याने परत सांगितलं. दहादा विचारलं तर दहादा सांगितलं असतं.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं, “सिस्टर, आजारपणातला डोस समजावा हं त्याला.” म्हणजे काय, तर ताप आला की गोळी दुप्पट. उलट्या व्हायला लागल्या तर घरी थांबायचंच नाही, इंजेक्शनला तडक हॉस्पिटल गाठायचं. प्रगतीला हे पाठ होतं. पण ड्युटी संपत आलेली, पुढच्या पाळीची कीर्ती चार्ज घ्यायला समोर उभी. आणि तिच्या मनात आलं, या भोळ्या माणसाला एका दमात दोन नियम सांगितले तर गोंधळेल. दुप्पट म्हटलं की रोजच दुप्पट देत सुटेल. आधी एक तर पक्कं होऊ दे. पुढच्या खेपेला सांगू.

भोळा म्हणे! पुरा संसार डोक्यात ठेवणारा माणूस, त्याच्या डोक्यात दोन गोष्टी मावणार नाहीत हे तिनेच ठरवून टाकलं. आणि कागदावर ‘नातेवाईकांना सर्व सूचना दिल्या’ या ओळीपुढे बरोबरची खूण करून सही ठोकली.

पुढच्या खेपेला देऊ आला तो हातात रानभाजीची जुडी घेऊन. चंद्रीच्या गालावर तकाकी आली होती, ती चक्क हसली. देऊने न विचारता नियम म्हणून दाखवला. प्रगतीला काय अभिमान वाटला! तिने शिकाऊ पोरींना हाका मारून गोळा केलं. “बघा गं, याला म्हणतात पेशंटचं शिक्षण!” देऊ लाजून चूर झाला. त्या कौतुकाच्या भरात दुसरा नियम राहूनच गेला. तिला आठवलासुद्धा नाही.

मार्गशीर्षात एका सकाळी देऊने चंद्रीला खांद्यावर टाकून आणलं. हात बर्फ, डोळे अर्धे मिटलेले, रक्तदाब यंत्राला सापडेना. प्रगतीने धावत इंजेक्शन भरलं, शीर मिळेना, कशीबशी मिळाली. बरोबर औषध, बरोबर डोस, बरोबर मार्ग. सलाइनच्या बाटल्यांमागून बाटल्या गेल्या. वेळ तेवढी चुकली होती, तीन दिवसांनी.

“गोळ्या कधी बंद केल्या?” डॉक्टर ओरडले.

“बंद नाय केल्या, सायेब,” देऊ म्हणाला. “पोरीला ताप भरला, उलट्या लागल्या. तीन दिस पेजेचा घोट पोटात ठरला नाय. जेवलीच नाय ती. जेवल्याबिगर गोळी कशी द्यायची?” आणि त्याने प्रगतीकडे बघितलं. शाळेत बरोबर उत्तर दिलेलं पोर बाईंकडे बघतं ना, तसं.

प्रगतीने नजर सलाइनच्या नळीकडे वळवली.

दुपारी बाराच्या आत सगळं संपलं. देऊ भिंतीला टेकून बसला, रडला नाही. डॉक्टरांनी प्रगतीला बाजूला घेतलं. “आजारपणाचं सांगितलं होतं ना तुम्ही?”

“हो सर.”

दोन शब्द, झालं! बावीस वर्षांचं नाव त्या दोन शब्दांनी वाचलं. डॉक्टरांनी देऊलाही तसंच सुनावलं आणि फाइलीत लिहिलं: नातेवाईकांनी औषध परस्पर बंद केले.

त्यानंतर घास तिच्या घशाखाली उतरेना. अन्न पुढे आलं की आठवायचं, आधी जेवण, मग गोळी. नवऱ्याला सांगायला गेली, तर तो म्हणाला, “तू एकटी कुणाकुणाला पुरणार? सोड ना.” वॉर्डात तिचा आवाज बसला. पोरी तिची नक्कल करेनाशा झाल्या, याचंही तिला वाईट वाटलं.

चंद्रीचे दिवस घालून देऊ हॉस्पिटलात आला. मागच्या जिन्यापाशी त्याने प्रगतीच्या हातात गोळ्यांचं पाकीट ठेवलं. सहा गोळ्या होत्या आत. तीन उगवत्या, तीन मावळत्या. “दुसऱ्या कुणाला व्हतील, बाय,” तो म्हणाला. “बाकीची एक बी चुकवली नाय. पर सायेब बोलला, म्या मारली. माझं काय चुकलं, तेवढं सांगा.”

आता मात्र तिला राहवेना. ती पायरीवरच बसली. “तुमचं काहीच चुकलं नाही, देऊदादा. ताप आला की गोळी दुप्पट द्यायची असते, पोट रिकामं असलं तरी. उलट्या झाल्या तर लगेच इथे आणायचं असतं. हे मी तुम्हाला सांगितलंच नाही. मी चुकले. आणि डॉक्टरांपुढे खोटं बोलले. चला, आत्ता तुमच्यासमोर त्यांना सांगते.”

देऊने मान हलवली.

“नाय, बाय. तुम्ही सांगितलंच असंल. तुम्ही कशा इसराल?”

“अहो, नाही सांगितलं! शप्पथ!”

“माझ्यावर दया येते म्हणून बोलता तुम्ही. चंद्रीची आय बी म्हणते, बाईनं सांगितलं असंल, तुझ्याच टकुऱ्यात नाय राहिलं. माझ्या हाताचं पानी पीत नाय ती आता.” तो खाली वाकला, आणि ज्या हाताने लेकीच्या तोंडात गोळी घालायचा त्या हाताने त्याने प्रगतीच्या डोक्यावर थोपटलं. “रडू नका. पर दुसऱ्या पोरीचा बाप आला, तर त्याला दोनदा सांगा. आमच्यासारख्याच्या एकदा सांगून ध्यानात राहत नाय.”