लॅमिनेट केलेली चिठ्ठी

चाकणच्या त्या कंपनीत भट्टीवर कुणाच्या पोटरीत गोळा आला, की आधी हिंदुरावाचं नाव निघायचं. चार वर्षांपूर्वी जुलाबांनी त्याचं पोटॅशियम उतरलं होतं. डॉक्टरांनी सिरप लिहून दिलं आणि दोन दिवसांत गडी उभा राहिला. तेव्हापासून तो अर्धा डॉक्टर झाला. चिठ्ठी त्यानं चक्क लॅमिनेट केली आणि वरच्या खिशात बाळगली. ती दाखवली की दापोडीचा एक मेडिकलवाला मुकाट बाटली द्यायचा. मग हा ताकात झाकणभर सिरप घालून शिफ्टमध्ये वाटायचा.

वीस वर्षं शेजारी राबलेल्या सोपानरावालाही, पोटऱ्या वळतात म्हणून, त्यानं आठवडाभर रोज दोन वेळा ते पाजलं. सोपानरावाला बीपीची गोळी चालू आहे हे त्याला ठाऊक होतं. पण गोळीचं काम वेगळं, सिरपचं वेगळं, असं हिंदुरावाचं पक्कं मत.

आठव्या दिवशी सकाळी सोपानरावाचे पाय लटपटले आणि तो भट्टीपुढंच बसला. दवाखान्यात नाडी फार मंद निघाली.

"गोळीखेरीज आणखी काही घेतात का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"न्हाई, तेवढीच गोळी," सोपानरावाची बायको दुर्गाबाई म्हणाली.

हिंदुराव दारात उभा होता. गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं. पण बोलायला तो जन्मात कधी कचरला नव्हता.

"म्या पाजलंय, मॅडम. पोटॅशियमचं सिरप. दिवसाला दोन झाकणं," म्हणत त्यानं चिठ्ठी पुढं केली.

बाईंनी लगेच इंजेक्शन मागवलं. "त्यांची गोळी पोटॅशियम अंगातच अडवून ठेवते. वर हे. हृदय बंद पडलं असतं. बोललात म्हणून वेळेत कळलं."

दुपारी नाडी ताळ्यावर आली. बाईंनी चिठ्ठी परत देताना शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. 'फक्त पाच दिवस. मग रक्त तपासून दाखवणे.' हिंदुरावानं ती कधी वाचलीच नव्हती. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

बाहेर दुर्गाबाई हळूच म्हणाली, "भाऊजी, तुमच्या हातचं म्हणून त्यांनी काय हाय ते इचारलंसुदिक न्हाई."

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी हिंदुरावानं सगळ्यांना भट्टीपाशी गोळा केलं. बाटली मोरीत ओतली, चिठ्ठी काढली आणि नेहमीच्याच खणखणीत आवाजात शेवटची ओळ दोनदा वाचून दाखवली.