कंपनीचं गवत

मेडशीच्या दौलतरावाला कुणी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, की तो खाली उतरायचं नाव घेत नसे. दोन वर्षांमागं गवतापासून गॅस करणाऱ्या कंपनीची माणसं गावात आली. हत्तीगवत लावा, आम्ही कापून नेऊ, कुजवून त्याचा गॅस करू, त्यावर ट्रॅक्टर चालतील, एसट्या पळतील, डिझेल लागणारच नाही, असं त्यांनी पारावर बसून सांगितलं. दौलतरावाला गटप्रमुख केलं, गळ्यात हार घातला. झालं! गड्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सोयाबीनचं सगळं रान मोडून त्यानं गवत लावलं आणि भेटेल त्याला छातीवर हात ठेवून सांगत सुटला, "कंपनी येनार म्हंजे येनार. माही जबान हाय!"

गवत माणसाच्या डोक्यावर गेलं, कंपनी काही आली नाही. मालेगावच्या रस्त्यावर तिच्या कारखान्याचे नुसते खांब उभे राहिले. साहेब लोक आधी फोनवर 'पुढच्या महिन्यात' म्हणायचे, मग त्यांनी फोन उचलणंच सोडलं. त्याच्या गटातल्या बाकीच्यांनी शहाणपणानं गवत उपटून हरभरा पेरला. शेजारच्या वावराचा शालिग्राम हॉटेलात रोज विचारी, "काय दौलतराव, गवतावरची एसटी सुटली का?"

दौलतराव वरवर हसायचा, पण रात्री त्याला झोप लागत नसे. आता माघार घेतली तर गावात तोंड दाखवायची सोय नव्हती. म्हणून त्यानं घरात बजावलं, कंपनी नेईपर्यंत त्या गवताला विळा लावायचा नाही.

त्याची बायको गोजराबाई. तिचा जीव गाईत अडकलेला. सोयाबीनच पेरलं नाही, तर गाईला घालायला त्याचं कुटार कुठून येणार? उन्हाळा लागला तशी गाभण गाईची हाडं वर आली. उठवून उभी केली तरी ती पुन्हा बसायची.

"अहो, दोन-चार पेंढ्या कापू द्या ना. ढोराचंच खानं हाय ते."

"नाव काढू नोको. आपुनच कापलं तं लोकं काय म्हनतीन? शालिग्रामले तं तेवढंच पाह्यजे."

"गाय मरून राह्यली, अन् तुमाले लोकाचं पडलं!"

"कंपनी येऊन राह्यली म्हनलं ना तुले!"

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसला हा प्रकार. पण इथं मरणारं जनावर मुकं होतं आणि त्याचे डोळे गोजराबाईलाच बघावे लागत.

त्या गवतात रानडुकरं मुक्कामाला आलीत, हे शिवारात सगळ्यांना ठाऊक होतं. अशा उंच पिकात मुकाट्यानं कुणी शिरत नाही. बांधावरून आरोळी ठोकायची, डबा बडवायचा, जनावराला निघून जायला वेळ द्यायचा, मगच आत पाय टाकायचा. लहानपणापासून गोजराबाईनं हेच केलेलं. लेकरांनाही तिनंच शिकवलेलं.

एका दुपारी दौलतराव बांधावरच्या लिंबाखाली आडवा झाला होता, तेव्हा गवतातून किंकाळी आली. तो धावत आत शिरला. पिल्लं घेऊन रानडुकरीण केव्हाच पसार झाली होती. गोजराबाई कापलेल्या गवतावर पडलेली, विळा हातात, मांडी फाटून हाड दिसत होतं. रक्त काही केल्या थांबेना. शालिग्राम शेजारच्या वावरातून आला आणि एका शब्दानं न विचारता त्यानं आपली जीप आणली.

जीप अकोल्याच्या रस्त्याला लागली. बायकोचं डोकं मांडीवर घेऊन दौलतराव मागं बसला होता. भीती माणसाच्या तोंडून रागासारखी फुटते. तो तिच्यावरच ओरडला, "अवं, आरोळी काहून नाही मारली वं? डबा तरी वाजवाचा!"

गोजराबाईनं डोळे उघडले. ती तक्रार करत नव्हती, विचारलं म्हणून सांगत होती.

"तुमी लिंबाखाली होते ना," ती म्हणाली. "तुमाले आयकू आलं असतं."

पातूरच्या घाटात ती गेली. शालिग्रामनं जीप कडेला घेतली, मागं वळून पाहिलं आणि मान खाली घातली. त्यानं काहीतरी टोचून बोलावं, गावभर बोलत सुटावं, असं दौलतरावाला जन्मात पहिल्यांदा वाटलं.