दसऱ्याचा नाडा

दिवा ‘विझला’ असे म्हणू नये, ‘शांत झाला’ म्हणावे, हा आईने दिलेला धडा सूर्यकांत जोगळेकरांनी कॅनडात स्कारबरोला मुलाकडे राहायला आल्यावरही सोडला नव्हता. वीज मंडळात उभी हयात घालवलेला हा गृहस्थ गराजमधला बल्ब बंद करतानाही मनोमन हात जोडी. तेव्हा दसऱ्याला घरातल्या यंत्रांबरोबर, बेसमेंटमध्ये राहणाऱ्या लिओनेल तुस्कानोंच्या इलेक्ट्रिक सायकलीचीही त्यांनी पूजा मांडली, यात नवल ते काय?

“माझी सायकल कॅथलिक आहे हां, सूर्यकांतराव,” वसईचे लिओनेल म्हणाले होते.

“असू द्या. हळदकुंकू जात विचारत नाही.”

झेंडूची माळ वाऱ्याने उडू नये म्हणून सूर्यकांतांनी हँडलभोवती पूजेचा लाल-पिवळा नाडा चांगले वेढे घेऊन बांधला. संध्याकाळी लिओनेल सायकलीवरून गल्लीत मिरवूनही आले. रात्री पाऊस झाला, सायकल अंगणात भिजली, आणि सकाळी ती चालू होईना.

लिओनेलांची पत्नी नोरा ओढ्यापलीकडच्या वृद्धाश्रमात होती. स्मृती विरत चाललेल्या त्या माउलीला आता कोणाचे नाव आठवत नसे. पण दुपारचा घास ती नवऱ्याच्याच हातून घेई. दोन बस बदलणे लिओनेलांच्या गुडघ्यांना झेपत नव्हते, म्हणून ही कोणाची तरी वापरलेली सायकल घेतलेली. ती मागे दोनदा रस्त्यात बंद पडली, तेव्हा कॅल्गरीहून मुलगा मेल्विन फोनवर म्हणाला होता, “पप्पा, one more time आणि मी ती विकतो. Sunday ला चर्चचं कोणीतरी राइड देईल.”

रविवार ठीक. मग उरलेल्या दिवशी नोराने काय करायचे?

दोघांनी सायकल गराजमध्ये घेतली. वारा बोचत होता म्हणून दार ओढून घेतले. सूर्यकांतांनी मीटर काढला. बॅटरी भरलेली होती, पडद्यावर आकडे उमटत होते, चाक हाताने सुरळीत फिरत होते; पण वेगाची मूठ पिळली की मोटर मौन.

“पाणी गेलं असणार,” सूर्यकांत म्हणाले. “जोडण्या उघडून बघू.”

“बघा. पण नोरा साडेबाराला जेवते, आणि तिच्यासमोर excuse चालत नाही. कधीच चालला नाही.”

झाकणाचे स्क्रू सुटले. आत मागच्या मालकाने कुठल्याही तारेला कुठलीही तार जोडून वर चिकटपट्टी गुंडाळलेली. सूर्यकांत एकेक जोड सोडवत, पुसत, मीटर लावत पुढे सरकले. मोटरकडे जाणारा प्लग हाती आला तेव्हा ते थबकले. त्याचे प्लास्टिक एका बाजूने वितळून काळे पडले होते. आतली तार दोन-तीन तंतूंवर तगून होती.

“सापडलं! दोनदा बंद पडली ती ह्याच्यामुळेच.”

जळका भाग कापून त्यांनी नवी जोडणी केली. प्रसन्न मनाने मूठ पिळली.

मोटर मौनच.

लिओनेलांनी घड्याळाकडे पाहिले आणि जाकिटाच्या खिशातून फोन काढला. “मेल्विनला सांगतो. सांगायलाच पाहिजे.” त्यांचा आवाज इतका सपाट झाला होता की सूर्यकांतांना त्यांच्याकडे पाहवेना. आता उजेडाचे काम उरले नव्हते. सवयीने हात जोडून त्यांनी बल्ब बंद केला.

अंधारात मागच्या भिंतीवर एक लाल ठिपका तेवत होता.

“लिओनेल, फोन ठेवा. ब्रेक तुम्ही दाबलाय?”

“मी सायकलीला हातसुद्धा लावला नाही.”

“मग ब्रेकचा दिवा का लागलाय?”

क्षणार्धात त्यांच्या ध्यानी आले. ब्रेक जराही दाबला गेला तर मोटरचा प्रवाह तुटावा, अशीच ह्या सायकलींची रचना असते. त्यांनी हँडल चाचपले. माळ आवळताना नाड्याचे वेढे ब्रेकच्या दांडीवरूनही गेले होते. सुती नाडा पावसात भिजून आटला होता, आणि दांडी केसभर ओढली गेली होती.

“अरेरे! माझीच पूजा तुम्हाला नडली.”

लिओनेल पोट धरून हसू लागले. “तुमच्या देवीनं ब्रेक धरला म्हणा की! पण थांबा. ती जळकी तार... हा नाडा नसता तर आज आपण झाकण उघडलं असतं का?”

“नसतं.”

“मी ओढ्यावरच्या पुलाच्या उतारावर असतो तेव्हा तुटली असती. किंवा पेटली असती.” त्यांनी छातीवर क्रूस केला. “सोडवा तो नाडा. पण फेकायचा नाही हां. दांडी सोडून परत बांधा.”

सूर्यकांतांनी नाडा सोडवला, कपाळाला लावला आणि ह्या खेपेस सीटखालच्या नळीला सैल बांधला. मूठ पिळताच चाक गुणगुणले. सायकल बाहेर काढल्यावर लिओनेलांनी वाटेवरचे मेपलचे एक पिवळे पान उचलून त्यांच्या हातावर ठेवले. “काल राहिलं. सोनं घ्या.”

“सोन्यासारखे राहा,” पान खिशात जपून ठेवत सूर्यकांत म्हणाले. “नोरावहिनींना नमस्कार सांगा. तिखट नका भरवू.”

“तिखटच मागते ती!”

कोपऱ्यावर लिओनेलांनी ब्रेक दाबला. लाल दिवा उजळला. सूर्यकांत श्वास रोखून पाहत राहिले. मग सायकल वळली, आणि दिवा शांत झाला. त्यांनी हात जोडले.