एका रांगेला दोन खिडक्या

"ओ सुदामकाका! डोळा लागला का काय?" इंटरकॉममधून पंपवाल्या रघूचा आवाज असा खणखणीत आला की केबिनीच्या काचेवरची माशी उडाली. "बॉयलरचं पाणी पार खाली गेलं. तुमचा फोन नाय. मी सहज चक्कर मारली म्हणून दिसलं."

सुदामने रिसिव्हर कानापासून लांब धरला, पुन्हा जवळ आणला. समोरच्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, मग खालपासून वर.

"इथं आलंच नाय रे."

"आलं असंल, दिसलं नसंल. चहा कमी पडतो तुमाला. पाठवू का?" रघू हसला आणि त्याने फोन ठेवला.

शेजारच्या टेबलावरून पायलने मान वर केली. "काय झालं, आबा?"

"काय नाय. रघ्या मस्करी करतो."

पण त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा काढून पुसला. पायलने ते पाहिलं आणि ती परत आपल्या कामाला लागली. नंतर तिला त्या सकाळचं दुसरं काही आठवेना, तो दोनदा पुसलेला चष्मा तेवढा आठवत राहिला.

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या त्या रंगाच्या कारखान्यात सुदामची सगळी उमर या केबिनीत गेली होती. आधी भिंतीवर दिवे होते आणि एक घंटा होती. कुठली टाकी भरली, कुठला पंप थांबला, की तो तो दिवा लागे आणि सुदाम फोन उचलून त्या त्या माणसाला सांगे. पुढे दिव्यांच्या जागी कॉम्प्युटरचा पडदा आला. इंग्रजी शब्द सुदामला वाचता येत नसत, पण ओळखता येत, जशी गर्दीत गावची माणसं ओळखावीत. कारखान्याला त्याच्या डोळ्याची इतकी सवय झाली होती की टाकीकडे बघायचं काम पंपवाले विसरूनच गेले होते. सुदामचा फोन आला की कॉक फिरवायचा, नाही आला की बिडी ओढायची.

गयाबाई, त्याची बायको, तरुणपणी दळताना त्याच्यावर ओवी रचून म्हणायची:

धनी माझा जागा गं, त्याची पापनी लवंना
त्याच्या भरवशावर, दूध कुनाचं उतंना

शेजारणी हसत. सुदाम लटकंच रागावे आणि ड्यूटीवर निघताना तीच ओळ गुणगुणत जाई.

आणि आता, दोन हजार आठच्या उन्हाळ्यात, त्याच केबिनीत त्याची लेक कामाला आली होती. पायल उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या मुकेशभाईंच्या फर्ममध्ये प्रोग्रॅम लिहायची. कारखान्याने त्या फर्मला काम दिलं होतं: टाक्यांचे, पंपांचे निरोप यापुढे साहेबांच्या मोबाईलवरही गेले पाहिजेत. ती गेटातून आत आली तेव्हा सुदामने वॉचमनपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांना गाठून सांगितलं होतं, "माझी लेक. मशीन लावायला आली."

कारखान्याचे मॅनेजर विष्णुपंत साहेब. त्यांनी सुदामच्या खांद्यावर हात ठेवून शब्द दिला होता, "घाबरू नकोस. मशीन आलं तरी माणूस लागतोच. रिटायर होईपर्यंत ही खुर्ची तुझी."

पायलने पहिल्याच दिवशी त्याला समजावलं होतं. जागोजागचे सेन्सर निरोप पाठवतात. मध्ये ब्रोकर नावाचा प्रोग्रॅम बसलाय, तो सगळे निरोप रांगेत उभे करतो. आणि जो हात पुढे करील त्याच्या हातात पुढचा निरोप ठेवतो. हात पुढे करणारा तो कन्झ्युमर. आबांचा पडदा हा एक कन्झ्युमर. ती लावत होती तो दुसरा.

"कन्झ्युमर म्हंजे गिऱ्हाईक ना गं?"

"हो, तसंच."

"घ्या! येवढी वर्षं मी गिऱ्हाईक होतो होय? मला वाटलं नोकर." आणि तो आपल्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसला होता.

मुकेशभाईंनी तिला जुन्या एका कामाची तयार फाईल दिली होती. "कॉपी मार, नाव बदल, हो गया." निरोप कुठून घ्यायचे त्या जागी पायलने आबांच्या पडद्याच्याच रांगेचं नाव लिहिलं. तिला वाटलं, रेडिओवरचं गाणं जसं सगळ्या घरांत एकदम वाजतं, तसा निरोप दोघांकडेही जाईल. मोबाईल अजून जोडायचे होते. तिच्या प्रोग्रॅमने सध्या निरोप घ्यायचा आणि नुसता बाजूला ठेवायचा, एवढीच चाचणी होती.

"तुझं मशीन आल्यापासून कारखाना शहाणा झाला बघ," सुदाम एकदा म्हणाला. "निरोपांची गर्दीच नाय."

ते वाक्य तिच्या कानावरून गेलं. तेव्हा ते ऐकायला हवं होतं.

रघूच्या त्या फोननंतर, त्याच दिवशी जेवणाची सुट्टी संपता संपता, गरम पाण्याची टाकी उतू गेली. खाली हौदाशी हेल्पर जनू फिल्टरची कापडं धूत बसला होता. त्याच्या ओरडण्याचा आवाज भिंती ओलांडून केबिनीत आला. पडद्यावर मात्र काही आलं नाही. सुदाम धावत गेला. जनूचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत भाजले होते, आणि चौघं जण त्याला उचलून गाडीकडे नेत होते. रघू कॉकाशी उभा होता. त्याच्या तोंडात आता मस्करी नव्हती.

"काका, फोन का नाय केला?"

सगळे सुदामकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर आला, तेव्हा केबिनीच्या दाराशीच त्याला सांगण्यात आलं, आजपासून गोडाऊन. तिथं रिकाम्या गोणी घडी करून रचायच्या. त्याने डब्याची पिशवी उचलली आणि लेकीकडे न बघता तो निघून गेला.

पायलने आपलं मशीन उघडलं. चाचणीत बाजूला ठेवलेले निरोप ती खाली खाली बघत गेली, आणि एका ओळीवर थांबली. गरम पाण्याची टाकी भरत आल्याचा निरोप तिथं होता. बॉयलरच्या पाण्याचाही होता. तिच्या प्रोग्रॅमने ते घेतले होते, पोचले म्हणून ब्रोकरला कळवलं होतं, आणि तो ते गिळून गप्प बसला होता. एकाच रांगेवर दोन कन्झ्युमर उभे केले की ब्रोकर निरोप दोघांना देत नाही, वाटून देतो. एक याला, एक त्याला. आबांच्या पडद्यावर कारखाना अर्धाच येत होता.

दुरुस्ती दोन ओळींची होती. दोघांना वेगळी रांग, प्रत्येक निरोपाची प्रत दोन्हींकडे. तिने ती तिथल्या तिथं केली. लगेच आबांच्या रिकाम्या खुर्चीसमोरचा पडदा भरभरून वाहू लागला.

ती रिक्षा करून कॅम्प दोनला गेली. खाली शिलाई मशीनचा कडकडाट, वर मुकेशभाईंचं ऑफिस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी दार लावलं.

"कंपनीने पूछा तुझे?"

"नाही."

"मग तू कशाला सांगते, बेटा? ट्रायल में होता है."

"मुकेशभाई, माणसाचे पाय भाजलेत. आणि आळ माझ्या वडिलांवर आलाय. चूक आपली होती, असं कंपनीला लिहून द्या."

मुकेशभाईंनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. माणूस वाईट नव्हता. "उसका मेरे को भी बुरा लगता है. मी जाईन बघायला, फ्रूट घेऊन जाईन. लेकिन लिखके नहीं देगा. सात पोरं बसतात या ऑफिसात. एक दफा नाम गया ना साईं, तो गया."

मग दुपारी कारखान्यात परत येऊन ती विष्णुपंत साहेबांकडे गेली. त्यांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला. ती सांगत गेली: रांग, वाटणी, तिची चूक. सांगताना ती टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होती. ते मधे एकदाही बोलले नाहीत. तिला वाटलं, पटलं.

"पायल," ते शेवटी म्हणाले, "तुझ्या जागी माझी मुलगी राजसी असती ना, तर तीही हेच बोलली असती. बापासाठी मुलगी एवढं करणारच."

"साहेब, नाही, खरंच. मी करून दाखवते. दोन मिनिटं लागतील."

"नको. आता नीट चाललंय, त्याला हात लावू नकोस." ते हळुवारपणे हसले. "बघ ना, सकाळी सुदामला उठवून दुसऱ्याला बसवलं, तेव्हापासून एक निरोप चुकलेला नाही. यातच आलं सगळं. वय झालं की होतं असं, त्यात त्याचा काय दोष? कामावरून काढत नाहीये मी त्याला."

सुदाम उठला त्याच सकाळी तिने ती दुरुस्ती केली होती. हे ती पुन्हा सांगू लागली, पण साहेबांचा फोन वाजला, आणि त्यांनी चहा घे अशी खूण केली. चहावर साय धरली होती.

बदलापुरात, मांजर्लीच्या घरात, सुदाम संध्याकाळी खिडकीशी बसला होता.

"गया," तो आत बघून म्हणाला, "मला हळू हाक मार. एकदम हळू."

"काय येड लागलंय का तुमाला?"

"मार गं."

गयाबाई स्वयंपाकघरातून पुटपुटली, "अहो."

"आली ऐकू." त्याने मान हलवली. मग समोरच्या इमारतीवरच्या पाटीकडे बोट करून पायलला म्हणाला, "ती काय अक्षरं हायत, मी सांगतो, तू बरोबर का ते बघ."

पायलला ते सहन झालं नाही. ती त्याच्या पायाशी फरशीवर बसली.

"आबा, तुमचे डोळे बरे आहेत. ऐका माझं. रेशनच्या दुकानात एकच रांग आणि एकच खिडकी असते ना? खिडकीत तुम्ही बसला होता. मी त्याच रांगेला दुसरी खिडकी उघडली. अर्धी माणसं तिकडं वळली. आणि माझ्या खिडकीत माणूसच नव्हता, आबा. टाकीचा निरोप माझ्याकडं आला होता. तुमच्याकडं तो कधी आलाच नाही."

आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. हळूहळू सुदामच्या कपाळावरच्या आठ्या सुटल्या आणि चेहरा मोकळा झाला.

"म्हंजे मी झोपलो नव्हतो."

"नाही."

"मला वाटायला लागलं होतं, झोपलो आसंन." त्याने छातीभर श्वास घेतला. आणि तो श्वास सोडता सोडताच त्याच्या डोळ्यांत दुसरीच भीती उतरली. तो खाली वाकला. "आनिक कोनाला बोललीस हे?"

"मुकेशभाईंना. साहेबांना. कोणी मानत नाही."

"बरं झालं."

"आबा!"

"बरं झालं, म्हंतो मी. आता बोलू नको कुठं." त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला गोणपाटाचा वास येत होता. "सुदाम चुकला तर म्हातारा झाला म्हंतील, सोडून देतील. तू चुकलीस तर काय म्हंतील? त्या गेटातून आपल्यातली पयली पोरगी खुर्चीवर बसायला आली. ती चुकली म्हंजे एकटी पायल चुकत नाय, बाय. मागून येनाऱ्या सगळ्या चुकतात. दारच लावून घेतील."

"आणि जनूकाका? त्यांना खरं नको कळायला?"

सुदामने तिच्या डोक्यावरचा हात काढून घेतला. "उद्या जाऊ त्याला बघायला," एवढंच म्हणाला.

ती रात्रभर वाक्य जुळवत राहिली. कोणी मानो न मानो, ज्याचे पाय भाजले त्याला सांगायचंच, हे तिने ठरवून टाकलं होतं.

उल्हासनगरच्या त्या हॉस्पिटलात जनूची खाट भिंतीकडेला होती. पायांवर चादर येऊ नये म्हणून वर लोखंडी कमान ठेवली होती. त्याची बायको काशी उशाशी उभी राहून पुठ्ठ्याने वारा घालत होती. सुदामला बघून तिने खाटेखालचं स्टूल ओढलं, पदराने पुसलं आणि पुढे ठेवलं.

"बसा, दादा."

सुदाम बसला नाही. पायलने केळ्यांची पिशवी छातीशी धरली. "जनूकाका," ती म्हणाली, "मला तुम्हाला..."

"चुकलं माझं, जनू," सुदाम मोठ्याने बोलला. त्याने हात जोडले होते. "माझं ध्यान नव्हतं."

जनूने भिंतीकडचं तोंड वळवलं. औषधाने त्याचे डोळे जड झाले होते. त्याने आपला हात उचलून सुदामचे ते जोडलेले हात खाली ओढले.

"आसं नको करू, दादा. येवढ्या वर्सांत एकदा तरी डोळा लागंलच ना मानसाचा. तू काय मुद्दाम केलंस? माज्या मनात काय नाय. खरंच काय नाय."

"नाय ना?"

"नाय रे. बस."

सुदाम आता स्टुलावर बसला. जनूने त्याचा हात सोडला नव्हता. पंखा वर घरघरत होता.

काशीने पायलच्या हातून पिशवी घेतली आणि तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं. "काय गं पोरी, किती सुकलीस! बापाची काळजी लावून घेतलीस वाटतं मनाला." तिने पिशवीतलं एक केळं काढलं, अर्ध्यापर्यंत सोललं आणि पायलच्या हातात दिलं. "खा आधी. खा म्हंते ना."