तांदळाच्या पुपुसा

भुकेल्या माणसाने खोटं बोलायला जाऊ नये. ना खोटं नीट जमत, ना जेवण. एर्लिंडाला हे शहाणपण त्या शुक्रवारी दुपारी आलं, पण आलं ते जीभ घसरल्यावर.

बसचं चाक चढावर फुटलं. ड्रायव्हर म्हणाला, तास-दीड तास लागेल. कालपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. धुराचा माग काढत ती पायवाटेने खाली उतरली, तर एक पत्र्याची खोपटी, दोन बाकडी, एक तवा आणि त्याच्यामागे ओतिलिया नावाची म्हातारी. एका बाकावर सरकारी फौजेतला एक नाईक आणि एक शिपाई बसले होते. त्यांच्या बंदुका टेबलावर, आंबवलेल्या कोबीच्या बरणीशेजारी आडव्या ठेवलेल्या. आता मागे फिरणं म्हणजे गळ्यात पाटी अडकवून पळणं. ती मुकाट्याने बसली.

"कागद," नाईक म्हणाला.

कागदावर ती इथलीच होती, दोन डोंगरांपलीकडच्या दुल्से नोम्ब्रे गावची. खरी ती देशाच्या दुसऱ्या टोकाची, ओलोकुइल्ताची. पिशवीत वर चर्चच्या मेणबत्त्या होत्या आणि तळाला पेनिसिलिनच्या बारा बाटल्या. तिचा भाऊ रेनाल्दो वर डोंगरात बंडखोरांत होता. गोळी लागलेला त्याचा पाय नऊ दिवस सडत होता. नदीच्या उतारावर एक माणूस सूर्य मावळेपर्यंत तिची वाट बघणार होता, तिला भावाकडे न्यायला. भावाला पाहून दोन वर्षं झाली होती.

शिपायाने बंदुकीच्या टोकाने मेणबत्त्या ढोसल्या. "चर्चच्या आहेत," ती म्हणाली.

"कधी गाव सोडून बाहेर गेलीस?" नाईकाने विचारलं.

"कुठली बाहेर! जत्रेला गेले तेवढंच."

"कुठे निघालीस?"

"नातेवाइकांकडे."

इथवर सगळं सरळ झालं. नाईकाने कागद परत केला, तिचा जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडला की भूक डोकं वर काढते. ओतिलियाने तव्यावर पाणी शिंपडत विचारलं, "काय करू गं?"

"दोन करा, तांदळाच्या. चीज घालून."

बोलून गेली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. या डोंगरात पुपुसा मक्याचीच. पोटात घेवडा नाहीतर चीज भरून जाडजूड थापलेली भाकरी, पण पीठ मक्याचं. तांदळाची मागतात ती ओलोकुइल्ताची माणसं. तिथलं शेंबडं पोरही हेच मागतं.

नाईकाने कप खाली ठेवला. "तांदळाच्या?"

तेवढ्यात ओतिलियाने कपाळावर हात मारला.

"ऐका, ऐका! सासू चुलीपुढे भाजून निघालीय आणि सूनबाई बसल्या बसल्या हुकूम सोडतायत! माझ्या लेकाने वर्षभर ओलोकुइल्ताला कामाला नेली, तर हिची जीभच तिकडे राहिली. आणि वर म्हणते, कधी बाहेर गेले नाही! लाज वाटते ना, सासूकडे न येता वर्षभर तिकडे मजा मारली त्याची!"

"ही तुझी सून?"

"माझं नशीब, दुसरं काय! सकाळीच भांडून निघाली माहेरहून, तोंड बघा कसं झालंय."

नाईक दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला. मग म्हणाला, "सून आहे तर पाहुणीसारखी का बसलीय? उठ गं. चार थाप."

एर्लिंडा उठली. मक्याचं पीठ तिच्या हाताला परकं होतं. पहिल्याच पुपुसेच्या कडा फाटल्या आणि घेवडा बाहेर आला.

"बघा, बघा," ओतिलिया ओरडली, "याला म्हणतात थापणं! तिकडच्या गिळगिळीत पिठाने हात बिघडवले हिचे. इकडे आण, भवाने!" असं म्हणून तिने एर्लिंडाचे हात आपल्या ओल्या हातांत धरले आणि कड दाबून दाखवली. तोंड चालूच होतं.

शिपाई हसला. शेवटी नाईकही हसला. दोघांनी सात पुपुसा फस्त केल्या. जाताना नाईक म्हणाला, "परवा रविवारी गस्तीवरून येतो. सुनेच्या हातच्या खायच्यात. ती दिसली नाही, तर तुलाच विचारू, म्हातारे."

ते गेले. मग ओतिलियाने तिच्यापुढे बशी सरकवली. "खा."

"मावशी, तुमचा मुलगा?"

"होता. असल्यांनीच नेला, पावसाळ्यात. अजून प्रेतसुद्धा दिलं नाही. सून काही आली नव्हती घरात." तिने तवा पुसला. "तुला जायचंय तिकडे जा. मी सांगेन, पळाली. सुना पळतात."

"त्यांना पटेल?"

"नाही," ओतिलिया म्हणाली. "खा आधी. गार होईल."

एर्लिंडा खाऊ लागली. या बाईचा तिला राग आला. कोणी सांगितलं होतं मला वाचवायला? मग स्वतःच्या रागाची लाज वाटली. वरून बसचा भोंगा वाजला. तिने पिशवी उचलली आणि निरोपही न घेता चढण चढून गेली.

संध्याकाळी नदीच्या उतारावर तो माणूस होता. गुडघाभर पाण्यात उभा राहून त्याने हात पुढे केला. "चल, उजेड आहे तोवर. रेनाल्दो तुझंच नाव घेतोय."

तिने पिशवी त्याच्या हातात दिली. "बारा आहेत. तळाला. फोडू नकोस."

"आणि तू?"

"मी येत नाही."

"अगं, भाऊ मरणाच्या दारात आहे!"

"म्हणून तर औषध आणलं. त्याला सांग, सासू एकटी आहे."

"कोणाची सासू? तुझं लग्न कधी झालं?"

भावाला भेटायला ती दोन वर्षं तरसली होती. आता नदीच्या या काठावर तिला रडू फुटलं आणि ते तिने आवरलं नाही. परतीची बस नव्हती. ती पायीच रस्त्याला लागली, रविवारच्या आत ओतिलियाच्या खोपटीत पोचायला. तिला भयंकर भीती वाटत होती.