येथे या नावाची कोणी नाही

मंगळवारी सकाळी तिने आप्पांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले, नवऱ्याचा दुकानात न्यायचा डबा भरला आणि नेहमीप्रमाणे विद्यापीठाची वाट धरली. तिथल्या जुन्या कागदपत्रांच्या अभिलेखागाराच्या दारात पिशवी कपाटात ठेवायची, पेन काढून द्यायचं, हात धुवायचे, वहीत सही करायची आणि फक्त शिसपेन्सिल घेऊन आत जायचं. हे आता तिच्या अंगवळणी पडलं होतं. छापखान्यात वीस वर्षं मुद्रितं तपासलेली बाई ती. जुनं किरटं अक्षरही तिला चटकन लागायचं. म्हणून तर सासऱ्यांनी घराण्याच्या वंशावळीचं काम तिच्यावर सोपवलं होतं.

सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणत. निवृत्त हेडमास्तर, वय अठ्ठ्याहत्तर. मोतीबिंदूने नजर अधू झालेली, ताठा मात्र जसाच्या तसा. त्यांच्या नातीचं, म्हणजे तिच्या मनीचं, लग्न ठरत आलं होतं. मुलाचे काका घराण्याचा फार विचार करणारे. "छापील वंशावळच त्यांच्या हातात ठेवू," आप्पा म्हणाले होते. "सात पिढ्यांत कुठे डाग नाही, हे त्यांचं त्यांनीच वाचावं."

घरातली माणसं जिला डाग समजत होती ती गोष्ट मनीच्या पर्समधल्या एका डबीत होती. फिटच्या गोळ्या. बाराव्या वर्षी तिला पहिली फिट आली. गोळ्या वेळेवर घेतल्या की काही होत नसे. गेली तीन वर्षं एकदाही झालं नव्हतं. मनी शाळेत चित्रकला शिकवायची, पोरांना हसवायची, मजेत होती. तरी मुलाकडे यातलं काही बोलायचं नाही, असं आप्पांनी आणि तिच्या वडिलांनी ठरवलं. तिनेही, मनीच्या आईने, तेव्हा मान डोलावली होती.

त्या मंगळवारी तिला एकच तारीख हवी होती. आप्पांच्या टिपणात त्यांच्या थोरल्या बहिणीपुढे 'बालपणी वारली' एवढंच होतं. शाळेच्या जुन्या पटावर अकराव्या वर्षी तिचं नाव कापलेलं सापडलं. शेरा होता, 'आजारामुळे काढले'. पण मृत्यूच्या नोंदींत तिचं नाव त्या वर्षी नाही आणि पुढच्या पाच वर्षांतही नाही.

"मेल्याचीच नोंद नाही म्हणजे काय?" ती अभिलेखपाल बाईंना म्हणाली.

बाईंनी 'आजारामुळे काढले' या शेऱ्यावर बोट ठेवलं. "वेड्यांच्या जुन्या इस्पितळाची दप्तरं आता आमच्याकडे आहेत. पण ती फक्त नातेवाइकांना दाखवतो. संमतीपत्र लागेल."

संमतीपत्रं तिच्याकडे होती. जमिनीच्या नि शाळेच्या कागदांसाठी म्हणून आप्पांनी दहा अर्जांवर न वाचताच सह्या ठोकल्या होत्या.

तासाभराने एक जाड फाइल तिच्यापुढे आली. पहिल्याच पानावर आखूड कापलेल्या केसांच्या मुलीचा फोटो. वय अकरा. तक्रार: आकडी येते. मग दरवर्षीचा एकेक शेरा. अक्षर बदलायचं, डॉक्टर बदलायचे, मजकूर तोच. 'रुग्ण शांत, समजूतदार. शिवणखोलीत काम करते. घरी नेण्यास हरकत नाही. घरी पत्र पाठवले. उत्तर नाही.'

सत्तेचाळीस वर्षं. अठ्ठावन्नाव्या वर्षी ती न्यूमोनियाने गेली.

शेवटाकडे एक उत्तर मात्र होतं. पोस्टकार्ड. 'येथे या नावाची कोणी नाही. पुन्हा पत्र पाठवू नये.' खाली सही नव्हती. पण ते ठसठशीत अक्षर ती गेले दोन महिने आप्पांच्या टिपणांत रोज तपासत होती. तारीख चोवीस वर्षांपूर्वीची. तेव्हा मनी पोटात होती, आणि आप्पांची पत्रं पेटीत टाकायला रोज संध्याकाळी तीच जायची. चालणं बरं असतं म्हणून.

दुपारी घरी आल्यावर तिने पाणीसुद्धा प्यायलं नाही.

"आप्पा, तुमची बहीण अठ्ठावन्न वर्षांची होऊन गेली."

आप्पांचा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळला. "बाबांनी मरताना वचन घेतलं माझ्याकडून. घरात लग्नाच्या मुली होत्या. त्यांना कोणी केलं असतं?"

"तुम्ही कार्ड लिहिलंत तेव्हा सगळ्यांची लग्नं झाली होती."

"तुझ्या पोटी मूल होतं, सूनबाई! त्याच्या पुढ्यात ही भानगड कशाला?"

"भानगड? फक्त फिट येत होती हो तिला. मनीसारखी."

"ते पान वंशावळीत येता कामा नये," आप्पा म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

शनिवारी शाळेतून फोन आला. मनी जिन्यावरून पडली होती. दवाखान्यात पोचल्यावर आईला दिसलं ते कपाळाचं बँडेज; सहा टाके. मनी पुटपुटली, "आई, बाबा म्हणाले होते, पाहुणे येऊन जाईपर्यंत गोळ्या बंद ठेव. त्यांच्यासमोर डबी निघायला नको म्हणून."

डॉक्टरांनी बापाला सगळ्यांसमोर झापलं. तो खाली मान घालून ऐकत राहिला. रिक्षात बसल्यावर मात्र म्हणाला, "उद्या विचारलं तर पाय घसरला सांगू. झालं गेलं."

रविवारी मुलाकडची मंडळी आली. काका मधल्या खुर्चीत, मुलगा त्यांच्या बाजूला. चहा झाला. काकांनी बँडेजकडे बोट केलं. "हे काय लागलं?"

"जिन्यात पाय..." वडील सुरू झाले.

"पाय नाही घसरला," मनी म्हणाली. एकेक शब्द स्वच्छ होता. "मला फिट आली. बाराव्या वर्षापासून येते. गोळी घेतली की येत नाही. चार दिवस घेऊ दिली नाही, म्हणून आली."

आई तिच्याशेजारी जाऊन बसली. "आणि हिच्या आजोबांच्या बहिणीलाही यायची. तिला सत्तेचाळीस वर्षं इस्पितळात डांबून आम्ही ती मेली म्हणून सांगितलं. एवढं ऐका आणि मग ठरवा."

काका उठले. "फसवणूक आहे ही," एवढं बोलून चपला घालू लागले. मुलाने एकदा मनीकडे पाहिलं. मनीला वाटलं, तो बोलेल. तो काकांच्या मागोमाग गेला.

त्यानंतर घर घर राहिलं नाही. नवरा रात्रीही दुकानातच जेवू लागला. शेजारपाजार कुजबुजायचा. पुढच्या वर्षभरात मनीला दोन स्थळं आली आणि दोन्ही ऐकून परत गेली. आप्पांनी वंशावळीचे कागद बासनात बांधून माळ्यावर टाकले. सुनेशी ते पुन्हा बोलले नाहीत. मरणाच्या वेळी शुद्धीत असूनही बोलले नाहीत.

ती मात्र मंगळवारी जात राहिली. अभिलेखपाल बाईंनी एकदा तिला तळघरातली मांडणी दाखवली होती. अशा सहाशेबारा फायली. निम्म्यांत तोच शेरा, घरी नेण्यास हरकत नाही. "वारस शोधायला माणूस नाही आमच्याकडे," बाई म्हणाल्या होत्या. बाईंनी रीतसर परवानगी काढली, आणि वंशावळीसाठी शिकलेलं सगळं ती या कामाला लावू लागली. शाळेचे दाखले, घरांचे उतारे, मतदारयाद्या. वारसाचा पत्ता लागला की विद्यापीठाच्या कागदावर पत्र जायचं. पाकिटांवर पत्ते मनी घालायची, तिच्या सुबक अक्षरात.

पहिल्या एकोणीस पत्रांपैकी पंधरांना उत्तर आलं नाही. दोघांनी वकिलाची भीती घातली. एका घरून फोनवर शिव्या आल्या.

एकोणिसावं पत्र घेऊन एक माणूस स्वतः आला. बस चालवून निवृत्त झालेला, साठी ओलांडलेला. त्याला लहानपणापासून सांगितलं होतं की आई बाळंतपणात गेली. फाइलमध्ये ती त्याच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत जिवंत होती. त्याने हात धुतले, पेन काढून दिलं, आणि पानापानावर थांबत सगळी फाइल वाचली. मध्ये एकदाच त्याने विचारलं, "ही पत्रं आमच्या पत्त्यावर आली. घरात घेतली कोणी?"

मग पान उलटून तो पुढे वाचू लागला.

वाचून झाल्यावर त्याने अर्ज मागितला. 'रुग्णाशी नातं' या रकान्यापाशी पेन्सिल बराच वेळ थबकली. मग त्याने लिहिलं, 'मुलगा'.

"तिला पुरलं कुठे?" त्याने विचारलं.

बाईंनी मान हलवली. "तेवढी नोंद आमच्याकडे नाही."

तिने आपली पेन्सिल उचलली आणि एक कोरा कागद पुढे ओढला. "तिचं माहेर कुठलं, भाऊबहीण किती, आठवेल ते सगळं सांगा," ती म्हणाली. "तिथून सुरुवात करू."